सेबेंझा २१ की ३१? लॉकमध्ये नेमकं काय बदललं

पातंवेडा: क्रिस रीव्ह कंपनीचा सेबेंझा हा घडीचा चाकू घ्यायचाय, २१ मॉडेल सेकंडहँड मिळतंय आणि ३१ नवीन, फ्रेमलॉक (हँडलचीच पट्टी पात्यामागे येऊन उघडं पातं धरते तो लॉक) तर दोन्हीत आहे ना मग फरक काय?

टायटॅनियम_भाऊ: २१ मध्ये लॉकबारचं, म्हणजे त्या टायटॅनियमच्या पट्टीचं टोक थेट पात्याच्या स्टीलवर टेकतं, हीट ट्रीट केलेलं असलं तरी टायटॅनियम स्टीलला चिकटायला बघतंच, म्हणून कधीकधी लॉक सोडताना अडकल्यासारखं होतं. २०१९ ला ३१ आला त्यात टोकाला सिरॅमिकची गोळी बसवली, पातं उघडं असताना तीच लॉक धरते आणि मिटलं की डिटेंटचं, म्हणजे पातं आपोआप उघडू न देण्याचं कामपण तीच करते. आयडिया त्यांच्याच उमनुमझान या चाकूमधली.

जुनंतेसोनं: मला २१च बरा वाटतो बाबा, पूर्ण टोक टेकतं. एवढ्याशा गोळीवर सगळा भार म्हणजे जरा कसंतरीच वाटतं, अर्थात सिरॅमिक झिजत नाही लवकर हेही खरं.

धारदार: बाकी बरेच चाकूवाले लॉकबारच्या टोकाला स्टीलचा इन्सर्ट (वेगळा तुकडा) स्क्रूने लावतात, झिजला की बदलता येतो, मला तेच पटतं. हिंडरर या दुसऱ्या ब्रँडच्या चाकूवर ती गोल चकती दिसते ना, ती वेगळ्याच कामाची, लॉकबार बाहेरच्या बाजूला जास्त वाकू नये म्हणून.

पातंवेडा: ओके मग ३१. खिसा रिकामा होणार 😅