मदत हवी आहे: चौघं जण, तीन दिवसांचं मोठं अ‍ॅनिमे कन्व्हेन्शन, आणि तयारी शून्य

नवखा_पायलट

मंडळी, आम्ही चौघं पहिल्यांदाच एका मोठ्या अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) कन्व्हेन्शनला निघालोय, दोघं आवडत्या पात्रांचा वेश करून. तिकिटं आणि खोली झाली, पण चौघांची तोंडं चार दिशांना आहेत. एकाचं फोमचं चिलखत, एकीचा कमरेपर्यंतचा विग, एकाला व्हॉइस अ‍ॅक्टरची सही हवी आणि मला आर्टिस्ट अ‍ॅलीत, म्हणजे चित्रकार आपापली चित्रं विकतात त्या भागात, भटकायचंय.

अडलंय ते असं: सगळीकडे एकत्र फिरायचं की वाटून घ्यायचं? रांगांचं गणित कसं बसवायचं? चिलखत ऐन वेळी उखडलं तर? आणि आत फोन चालत नाहीत म्हणतात, मग हरवलेला माणूस शोधायचा कसा? "मजा करा" सोडून काहीही लिहा.

तिसरी_रांग

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची भांडणं तिथूनच निघतात. फोनवर रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण निरोप जात नाही. हजारो फोन त्याच दोन-चार टॉवरना लटकलेले असतात. नकाशा आणि वेळापत्रक आदल्या रात्रीच उतरवून ठेवा. चॅट अडकलं तर साधा एसएमएस करून बघा, तो बऱ्याचदा निसटतो. आणि प्रत्येक निरोपात वेळ लिहा: "१:४०, दोन नंबरच्या हॉलमागे आहे". नाहीतर तो निरोप सव्वादोनला पोचतो आणि वाचणारा रिकाम्या जागी धावतो.

भेटीच्या वेळा ठरलेल्या हव्यात, समजा दुपारी १ आणि संध्याकाळी ५. जागा म्हणून मुख्य दार किंवा सगळ्यात मोठा फलक नको, कारण अख्खं जग तिथेच भेटत असतं. एखाद्या कडेच्या जिन्याजवळचा खांब बरा. पंधरा मिनिटं वाट बघायची, नाही आला तर निघायचं, पुढच्या वेळेला भेट. यात कोणी रुसायचं नाही हे आधीच बोलून घ्या.

एकत्र की वाटून? वाटून. प्रत्येकाने रोजची एकच "काहीही झालं तरी" गोष्ट निवडायची. चौघांच्या चार गोष्टी एका कागदावर उतरवल्या की कुठे वेळा आदळतात ते लगेच दिसतं.

रांगांबद्दल आधी एक गोष्ट शोधा: दोन कार्यक्रमांच्या मध्ये तो हॉल रिकामा करतात की नाही. करत नसतील तर आधीच्या कार्यक्रमालाच जाऊन बसा, मग तो कितीही रटाळ असो. करत असतील तर आत बसून फायदा नाही, बाहेरच्या रांगेत लागा. हॉलच्या क्षमतेइतकी माणसं झाली की रांगच बंद करतात, त्यामुळे "सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी जाऊ" हा बेत मोठ्या पाहुण्यांच्या बाबतीत फसतो. एकाने चौघांची जागा धरणं बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि मागच्यांच्या शिव्या वेगळ्या.

बॅज (गळ्यातला प्रवेशाचा पास) आदल्या दिवशी मिळत असेल तर आदल्या दिवशीच घ्या, पहिली सकाळ वाचते. नुसत्या गळ्यातल्या दोरीवर भरवसा ठेवू नका, क्लिप सुटते. दोरीला आणि बॅजच्या भोकाला मिळून एक सेफ्टी पिन मारा. हरवलेला बॅज बऱ्याच ठिकाणी नव्याने विकत घ्यावा लागतो.

शिवणयंत्र

चिलखत ईव्हीए फोमचं आहे असं धरून लिहिते.

सांधे ग्लू गनने चिकटवले असतील तर आत्ताच तपासा. तो गोंद उष्णतेने वितळून लागतो, त्यामुळे उष्णतेनेच सुटतोही. उन्हातल्या बंद गाडीच्या डिकीत तासभर राहिला की खांद्याचा तुकडा हातात येतो, फोम वाकतो तो वेगळाच. जोरात ओढ बसणाऱ्या जागी कॉन्टॅक्ट सिमेंट (एक रबरी गोंद) वापरा: दोन्ही बाजूंना पातळ थर, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत १०-१५ मिनिटं थांबायचं, मग एकदाच नेम धरून दाबायचं. ओलं असताना दाबलं तर धरत नाही, आणि वाळल्यावर टेकवलेला तुकडा सरकवता येत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो. थर्मोकोलला मात्र हे लावू नका, तो विरघळतो.

दुरुस्तीच्या पिशवीत ग्लू गन नको, तिथे प्लग शोधण्यातच अर्धा तास जातो. सुपरग्लूच्या दोन छोट्या ट्यूब, कापडी टेप, दहा-बारा सेफ्टी पिना, सुईदोरा, इलास्टिक, केसांच्या पिना आणि छोटी कात्री पुरे. पण सुपरग्लू सुती कापडावर सांडू देऊ नका. कापसाशी त्याची प्रक्रिया होऊन इतकी उष्णता निघते की कातडी भाजते. सुती हातमोजे घालून चिकटवणारे इथेच फसतात.

विग नेहमी टोकाकडून वर विंचरायचा, मुळाकडून नाही. कमरेपर्यंतचा असेल तर मानेखालचा थर सर्वात आधी गुंततो, कारण तो कपड्यावर घासतो. दर दोन तासांनी तेवढाच मोकळा केला तरी संध्याकाळी रडावं लागत नाही. विग सैल वेणी घालून न्या. रंगीत लेन्स घालणार असाल तर डबी, सोल्यूशन आणि चष्मा सोबत हवाच. लेन्सला नळाचं पाणी लावू नका.

नवखा_पायलट

बाप रे, खांद्याचे सांधे ग्लू गननेच लावलेत. आज रात्री उखडतो. तलवार लाकडी आहे, चालेल का? आणि विमानाने जाणार आहोत, त्याचं काय?

शिवणयंत्र

त्या कन्व्हेन्शनचे प्रॉपचे (वेशासोबतच्या हातातल्या वस्तूंचे) नियम शब्दशः वाचा. धातूचं पातं जवळपास कुठेच चालत नाही, लाकडाचं प्रत्येकाचं वेगळं, फोम बहुतेक सगळीकडे चालतो. लांबीची मर्यादाही बघा. काही ठिकाणी तपासणीत तलवार म्यानाला झिप टायने बांधून टाकतात, मग उपसलेल्या तलवारीची पोझ विसरा. ती हवीच असेल तर फोमचं वेगळं पातं करा. वेश करून खोलीतून निघता येतं का तेही बघा. टोकियोच्या बिग साइटमध्ये भरणाऱ्या कॉमिकेट या कॉमिक्सच्या मेळ्याला घरून वेशात येणं चालत नाही, तिथल्या चेंजिंग रूममध्येच बदलावं लागतं.

विमानात तलवार चेक-इन सामानात, पॉवर बँक आणि दिव्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्ये. नेहमीची मर्यादा १०० वॉट-तास. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-तास होते, म्हणजे मर्यादेत बसते. पण तिच्यावर छापलेला आकडा पुसट झाला असेल तर काढून घेऊ शकतात.

कागदी_फुलपाखरू

आर्टिस्ट अ‍ॅलीसाठी: पहिल्या दिवशी आधी एक पूर्ण फेरी मारा, टेबल नंबर लिहून घ्या, मग खरेदी. अपवाद कमिशनचा, म्हणजे सांगून काढून घ्यायच्या चित्राचा. तिथल्या तिथे चित्र काढून देणाऱ्यांची यादी लवकर भरते, ते पहिल्या तासात सांगून टाका आणि कधी घ्यायला यायचं ते विचारा. प्रिंटसाठी कडक पाठीची ए३ फाइल न्या. नळकांडं स्वस्त पडतं, पण प्रत्येक खरेदीला सगळं बाहेर काढून पुन्हा गुंडाळावं लागतं आणि कडा तिथेच मोडतात. सुटे पैसे ठेवा, नेट गेलं की कार्ड मशीन बसतं.

सहीवाल्या मित्राला सांगा: सहीची तिकिटं वेगळी असतात, कधी सोडतीने, कधी आधीच ऑनलाइन. प्रवेशाच्या तिकिटात ती धरू नका. नकली वस्तूवर सही देत नाहीत. सहीसाठी शिकिशी बोर्ड चांगला, साधारण २४ बाय २७ सेंमीचा जाड पुठ्ठा, आणि परमनंट मार्कर घरी चालवून बघितलेला. नाव घालून सही हवी असेल तर ते ठळक अक्षरांत चिठ्ठीवर लिहून पुढे करा.

तिसरी_रांग

फेरीबद्दल अर्धाच सहमत. मर्यादित संख्येतली वस्तू असेल तर फेरीबिरी नाही, थेट तिथे. शेवटच्या दुपारी भाव उतरतात हे मोठ्या दुकानदारांच्या बाबतीत बऱ्याचदा खरं, पण छोट्या चित्रकारांकडे तोवर हवं ते उरलेलं नसतं.

नवखा_पायलट

शेवटचा आणि थोडा लाजिरवाणा प्रश्न. चिलखत घालून बाथरूमला कसं जायचं?

शिवणयंत्र

लाजू नका, सगळेच अडकतात. कमरेचा आणि मांडीचा भाग छातीच्या भागाला चिकटवू नका, प्लास्टिकच्या बकलांनी जोडा, बॅगेच्या पट्ट्याला असतात तशी. बकल बाजूला, स्वतःचा हात पोचेल तिथे. पाठीमागे लावलंत तर दर वेळी मित्र लागेल, आणि मित्र नेमका सहीच्या रांगेत असेल. घरी हातमोज्यांसकट काढून-घालून बघा. पाच मिनिटांच्या वर जात असतील तर बकलं बदला, पाणी पिणं कमी करू नका. फोमच्या आत घाम वाळत नाही, चक्कर तिथूनच येते.