फोटोत किनाऱ्यावरचे चिखल्या पक्षी धूसर येतात, चतुराचे फक्त डोळे स्पष्ट येतात. काय चुकतंय?

पुळणकाठ:
क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि ७०-३०० मिमी झूम लेन्स आहे. गुहागरच्या पुळणीवर सकाळी दहाला चिखल्या, तुतवार हे किनाऱ्यावर चरणारे पक्षी टिपले. शटर १/१६००, तरी पिसांचा तपशील नाही. व्हाळावरच्या (ओढ्यावरच्या) चतुरांचे डोळे स्पष्ट आले तर शेपटी धूसर. लेन्स बदलावी का?

खाडीकडचा:
लेन्स राहू द्या, वेळ बदला. दहा वाजता वाळू तापलेली असते आणि तिच्यावरची हवा थरथरते. लांबचा पक्षी त्या हवेतून दिसतो, म्हणून शटर कितीही वाढवलं तरी तपशील येत नाही. नऊच्या आत काम उरका आणि अंतर कमी करा.

अंतर भरतीच कमी करून देते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला (मोठ्या भरतीला) आपल्याकडे भरती साधारण अकरा-बाराला भरते, म्हणजे सकाळी सहाच्या आसपास पाणी ओसरून पार लांब गेलेलं असतं. त्यानंतर पाणी चढू लागतं आणि चरणारे पक्षी पाण्यासोबत किनाऱ्याकडे सरकतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते, त्यामुळे तिथीपासूनचे दोन-तीन दिवस सर्वांत सोयीचे. अष्टमीच्या भांगाला (लहान भरतीला) उलट होतं, सकाळी पाणी वरच असतं. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी सूर्य पाठीशी आणि पक्षी उजेडात. संध्याकाळी मात्र निव्वळ काळ्या आकृत्या मिळतात.

पक्षी ज्या दिशेने सरकतायत तिथे आधीच जाऊन पालथे पडून राहा. ते मान वर करून थबकले की तुम्हीही थांबा. चालत मागे गेलात तर थवा उडतो, आणि लांबून आलेल्या या पाहुण्यांची खाण्याची वेळ वाया जाते. ३०० मिमीवर छिद्र (अॅपर्चर) एफ/८ ठेवा, बहुतेक झूम लेन्स छिद्र पूर्ण उघडं असताना मऊ, म्हणजे कमी स्पष्ट असतात. चालत्या पक्ष्याला १/१०००, उडत्याला १/२०००, आयएसओ ऑटो. ओली वाळू चमकत असेल तर एक्स्पोजर +०.७. काळ्या चिखलावर बगळा असेल तर उलट -१, नाहीतर पिसं पांढरीफटक जातात.

टाचणी:
चतुरासाठी कॅमेऱ्याची पाठ त्याच्या अंगाला समांतर धरा. डोळे ते शेपटी एकाच प्रतलात आले की एफ/८ ते एफ/११ वर सगळं स्पष्ट येतं. समोरून टिपायचा तर फक्त डोळे साधा. उडाला तरी मागे लागू नका, बरेच चतुर पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. अजून मोठा हवा असेल तर लेन्सच्या पुढे दोन काचांची +२ क्लोज-अप लेन्स लावा. ती लावून मूळ लेन्स अनंतावर ठेवली की फोकस ५० सेंटिमीटरवर येतो, २५० मिमीवर सेन्सरवर खऱ्याच्या निम्म्या आकाराची प्रतिमा मिळते. दव असताना चतुर जडावलेले असतात, पण तसं व्हावं म्हणून त्यांच्यावर पाणी फवारू नका.

पुळणकाठ:
धन्यवाद. खाऱ्या वाऱ्याचं आणि लेन्सला लागणाऱ्या बुरशीचं काय करता?

खाडीकडचा:
पुळणीवर लेन्स बदलूच नका. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग किंचित ओलं मऊ कापड, मग कोरडं. कोरडंच घासलं तर वाळूचे कण काच ओरखडतात. ठेवायला रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. कॅमेऱ्याची बॅग डब्यात नको, ती ओल धरते. नारिंगी जेल हिरवं पडलं की १२० अंशांवर दोन तास भाजून, बंद भांड्यात गार करून परत ठेवा.

टाचणी:
एक कळकळीची विनंती. पावसाळ्यात तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्लं वाढवतो. त्या बिळासमोर ठाण मांडू नका, फ्लॅश नको, मोबाइलवर आवाज वाजवणं नको. माणूस समोर असला की तो चोचीत भक्ष्य धरून दूर बसून राहतो, तेवढा वेळ पिल्लं उपाशी. समुद्री गरुडाच्या घरट्याचंही तेच. फोटो टाकताना जागा फक्त तालुक्यापर्यंतच सांगा.