ॲडव्हान्स वॉर्स स्विचवर घ्यावा का? चांगलं-वाईट दोन्ही सांगा

मेट्रोतला_खेळाडू:
नमस्कार मंडळी, आतेभावानं त्याचा जुना निन्टेंडो स्विच (हातात धरून खेळायचं गेमचं मशीन) मला दिलाय आणि मी रोज प्रजापती नगर ते लोकमान्य नगर अशी पूर्ण लाईन मेट्रोनं जातो, त्यामुळं हातात बराच वेळ असतो. बुद्धिबळ आवडतं, धावपळीचे शूटिंगवाले गेम जमत नाहीत. ॲडव्हान्स वॉर्स १+२ रीबूट कॅम्प, म्हणजे आळीपाळीनं सैन्य हलवायच्या जुन्या युद्धाच्या गेमच्या दोन्ही भागांचा रीमेक, त्याबद्दल खूप ऐकलंय पण किंमत काही कमी नाही, आणि रिव्ह्यू वाचले तर सगळे एक तर डोक्यावर घेतात नाहीतर लहान मुलांचा गेम म्हणून सोडून देतात. ज्यांनी खरंच पूर्ण खेळलाय त्यांनी सांगा ना, कुठं मजा येते आणि कुठं कंटाळा येतो?

बर्डीचा_कमांडर:
भाऊ, बुद्धिबळ आवडतं म्हणतोस तर डोळे झाकून घे. यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे गेम काही लपवत नाही, हल्ला करायच्या आधीच किती टक्के नुकसान होणार तो आकडा समोर दिसतो, नशिबाचा भाग त्यावर थोडासाच. आता बघ, रस्त्यावर उभ्या असलेल्या टँकवर तुझा टँक सोडला तर ५५ टक्के दिसतात. तोच टँक जंगलाच्या घरात उभा असेल तर ४४, कारण जंगलाला बचावाचे दोन स्टार आणि एका स्टारमागं दहा टक्के कमी. आणि पहिला वार ज्याचा त्याचं पारडं जड, कारण समोरच्याची ताकद १० वरून ४-५ वर आली की त्याचा उलटा वारही तेवढाच कमी लागतो. म्हणून खरा खेळ मारामारीचा नाहीच, कोण कोणाच्या टप्प्यात आधी पाऊल टाकतो त्याचा आहे, एक घर मागं थांबायचं आणि त्याला येऊ द्यायचं, हे जमलं की पुढचं सगळं सोपं.

दुसरं म्हणजे पायदळ. किंमत फक्त १०००, टँक ७००० ला, पण शहर ताब्यात घेणार ते पायदळच. शहराचे २० पॉइंट असतात आणि तुकडीची जेवढी ताकद तेवढे दर टर्नला कमी होतात, म्हणजे १० ची तुकडी दोन टर्नमध्ये घेते, मार खाऊन ७ ची झालेली तीन टर्न लावते. आणि प्रत्येक शहर दर टर्नला १००० देतं. त्यामुळं मधल्या एखाद्या शहरासाठी एका प्याद्याला वाचवायला दोन टँक पुढं काढावे लागतात, आणि मला तरी या गेममधलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. स्टेशन आलं की स्विच स्लीपला टाक, परत उघडलं की तिथूनच चालू.

संत्रानगरी_प्लेयर:
कमांडर दादांचं सगळं बरोबर आहे पण दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे कारण पैसे कमी नाहीत. कॉम्प्युटर आमिषाला फार भुलतो. मी रिकामी एपीसी (सैनिक वाहून नेणारी गाडी) पुढं सोडते, तो त्याचे चांगले चांगले टँक तिच्या मागं लावतो आणि माझ्या आर्टिलरीच्या (लांबून मारा करणाऱ्या तोफांच्या) टप्प्यात येतो, मॅपमागून मॅप हेच चालतं. मग मिशन अवघड करायला गेमनं काय केलंय तर शत्रूला सुरुवातीलाच जास्त सैन्य दिलंय, हुशारी दिली नाही. त्याचा मला खरंच राग येतो.

दुसरी अडचण लांबीची. दोन्हीकडं सारखी शहरं असली की पुढं पायदळाची भिंत, मागं आर्टिलरी, आणि कोणी हलायलाच तयार नाही. ॲनिमेशन बंद करून आणि फास्ट फॉरवर्ड ठेवूनही काही मिशन लोकमान्य नगर येईपर्यंत अर्धी पण होत नाहीत. गेममध्ये सैन्यासाठी जे कमांडर असतात त्यांच्यामधला तोलही गेलाय, दुसऱ्या भागातल्या कॉलिनचं सैन्य २० टक्के स्वस्त आणि मारा फक्त १० टक्के कमी, त्याच्यासमोर महागडं सैन्य घेऊन येणाऱ्या कानबेईनं काय करायचं? आणि ऑनलाइन फक्त मित्रांशीच खेळता येतं, अनोळखी माणसाशी जोडून देणारं मॅचमेकिंगच नाही. २०२३ मध्ये आलेल्या गेममध्ये हे नसावं हे मला अजिबात पटलेलं नाही.

चांगलं एवढंच की आख्खी टर्न परत घेता येते, आणि कॅज्युअल (सोपा) की क्लासिक (अवघड) हे आधी निवडता येतं. तू क्लासिकच घे.

जुना_जीबीए:
मले विचारशील तं भाऊ, गेम बॉय ॲडव्हान्सवरचा (जीबीए) मूळ गेम पाह्यला पाहिजे. १० सप्टेंबर २००१ ले अमेरिकेत आला आन् दुसऱ्याच दिवशी तिथं काय झालं ते साऱ्यायले माहीत हाय, जपानात तं तो थेट २००४ मध्ये दुसऱ्या भागासंगं निघाला. रीमेकचंही तेच, २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं म्हणून वर्षभर पुढं ढकलला. जुन्या जीबीएच्या स्क्रीनले लाईट नव्हता, रात्री दिवा डोक्यावर घेऊन बसा लागे, पण आपल्या उन्हात गच्चीवर एकदम साफ दिसे. आन् त्या छोट्या स्क्रीनवर चित्रं इतकी नेमकी होती का टँक कोणता, मीडियम टँक कोणता हे एका नजरेत समजे. रीमेकमध्ये सारं थ्रीडी खेळण्यावानी केलं, मले ते बिलकुल नाही जमलं. गेम मात्र आतून तोच हाय, त्याले हात लावला नाही हे लय चांगलं केलं.

मेट्रोतला_खेळाडू:
खूप आभार सगळ्यांचे, इतकं नीट कुठंच वाचायला मिळालं नव्हतं. ताई, कॉम्प्युटरचं ऐकून जरा विचारात पडलो. घरी धाकटी बहीण आहे, तिला पण असले गेम आवडतात, दोघांना एकाच मशीनवर खेळता येईल का? आणि पैसे टाकायच्या आधी कुठं करून बघता येईल का?

संत्रानगरी_प्लेयर:
हो रे, एकच स्विच हातोहात फिरवून चौघांपर्यंत खेळता येतं, आणि समोर माणूस असला की मी वर लिहिलेली पहिली तक्रार राहतच नाही, बहिणीसाठी तर नक्की घे. आधी बघायचं असेल तर ॲडव्हान्स वॉर्स बाय वेब नावाची चाहत्यांनी बनवलेली साईट आहे, ब्राउझरमध्ये फुकट, आपली टर्न सवडीनं खेळायची.

बर्डीचा_कमांडर:
बहिणीबरोबर खेळताना एक कर. लहान मॅपवर पहिली टर्न ज्याची त्याला फायदा होतो, त्याचं सैन्य एक पाऊल आधी निघतं आणि शहरं पण आधी मिळतात. म्हणून डिझाइन रूममध्ये (गेममधलं स्वतःचे मॅप बनवायचं ठिकाण) मॅप बनवताना दुसऱ्या बाजूला एक पायदळ तुकडी आधीच ठेवून दे. कॉलिन दोघांनाही बंद, आणि सुरुवातीचे काही सामने अँडी (खास फायदा-तोटा नसलेला साधा कमांडर) विरुद्ध अँडीच खेळा.