मदत हवी आहे: लेक कोमोला मुक्काम कुठे करावा?

मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन इटलीला जातोय. मिलाननंतर तीन-चार दिवस लेक कोमोसाठी ठेवलेत, पण मुक्कामाचं गाव काही ठरत नाहीये.

वारेन्ना मनात भरलंय. मिलानो सेंत्रालेहून थेट रेल्वे, साधारण तासाभराचा प्रवास, आणि समोरच्या बेल्लाज्जोला फेरीने पंधरा-वीस मिनिटं. अडचण एकच, आईचे गुडघे. गाव उतारावर, गल्ल्या दगडी पायऱ्यांच्या. स्टेशनवरून बॅगा घेऊन तिला धक्क्याजवळच्या हॉटेलपर्यंत चालवेल का? की पलीकडचं मेनाज्जो बरं? तिथला काठ सपाट आहे म्हणतात, पण रेल्वे नाही. बेल्लाज्जोत राहायचा विचार सोडलाय, भाडी बघूनच बाबा म्हणाले, "लांबूनच बघू की."

खुद्द कोमो शहर स्वस्त पडतं, शिवाय डोंगरावरच्या ब्रुनाते गावाला वर नेणारी 1894 सालची फ्युनिक्युलर (केबलने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे) तिथेच. पण तिथून बेल्लाज्जोला साध्या बोटीने दोनेक तास लागतात. जलद बोट निम्म्याहून कमी वेळात पोचवते. त्या बोटीत मे महिन्यात जागा मिळते का, की रांगेत ताटकळावं लागतं?

व्हिला कार्लोत्ता हा तळ्याकाठचा बागेचा वाडा नक्की बघायचाय, अझेलियाच्या फुलांसाठी. मेच्या उत्तरार्धात बहर उरतो का?

आणि जेवण! आम्ही शुद्ध शाकाहारी. रिसोत्तोत (इटालियन मऊ भातात) बऱ्याचदा मांसाचं स्टॉक असतं, तेव्हा मागवताना नेमकं काय विचारायचं? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.