शुद्धिस्थानाची शिकवण प्रेषितांच्या काळातली की मध्ययुगातली?

प्रश्न (जालना)
सर्वांना सलाम. माझे माहेर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे प्रोटेस्टंट, आणि सासर कॅथलिक आहे. 2 नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना होते तेव्हा वाद ठरलेलाच असतो. शुद्धिस्थानाची, म्हणजे मरणानंतर स्वर्गात जाण्यापूर्वी आत्म्याची शुद्धी होते ही, शिकवण प्रेषितांपासून (येशूच्या पहिल्या शिष्यांपासून) चालत आली असे सासरे सांगतात, तर वडील ती मध्ययुगात रचली गेली असे मानतात. इतिहास कोणाच्या बाजूने आहे?

उत्तर (धर्मशिक्षक, छत्रपती संभाजीनगर)
ताई, मृतांसाठी प्रार्थना करणे नक्कीच मध्ययुगातले नाही. आरंभीचे ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन यांच्या लेखनात इ. स. 200 च्या सुमारास तिचा उल्लेख येतो, आणि संत ऑगस्टीन यांच्या आई मोनिका यांनी 387 मध्ये मरणापूर्वी, वेदीपाशी आपले स्मरण व्हावे, एवढेच मुलांकडे मागितले होते. मृतांना उपयोग नसेल, तर ही प्रार्थना कशासाठी? शिवाय मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथाच्या 12 व्या अध्यायात तिला आधार आहे. तो ग्रंथ आपल्या वडिलांच्या पवित्र शास्त्रात नसेल.

उत्तर (पाळक, बीड)
प्रथा जुनी आहे हे प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन यांनीही नाकारले नव्हते. ती तेराशे वर्षांची आहे असे विरोधक म्हणत, तेव्हा देवाच्या वचनात तिला आधार कोणता, एवढाच त्यांचा प्रश्न असे. प्रथा आणि शिकवण यांत अंतर आहे. शुद्धिस्थानाची अधिकृत मांडणी ल्योन (1274), फ्लॉरेन्स (1439) आणि ट्रेंट (1563) येथील परिषदांत झाली. मक्काबीचे ग्रंथ 393 च्या हिप्पो येथील परिषदेच्या शास्त्रग्रंथांच्या यादीत होते हे मान्य करावे लागते, परंतु पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतरकार संत जेरोम त्यांना सिद्धांताचा आधार मानत नसत. एक गोष्ट आमचे लोक विसरतात: 1517 मध्ये प्रोटेस्टंट चळवळीचे प्रवर्तक ल्यूथर यांनी शुद्धिस्थान नाकारले नव्हते, त्यांचा रोख पापक्षमापत्रांच्या (पापांच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या) व्यापारावर होता.

उत्तर (उदगीर)
दोन्ही उत्तरांत पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी राहून गेली. ती मक्काबी वाचते, मृतांसाठी प्रार्थनाही करते, तरीही रोमची शुद्धिस्थानाची शिकवण तिने स्वीकारलेली नाही. म्हणजे धर्मशिक्षकांनी प्रार्थनेवरून थेट शिकवणीवर घेतलेली उडी अपरिहार्य नाही. उलट, उशिरा झालेली मांडणी म्हणजे नवी रचना, असे पाळकसाहेबांनी धरले, तर 325 मध्ये निकेया येथील परिषदेत ठरलेल्या विश्वासांगीकाराचे (श्रद्धेच्या जाहीर कबुलीचे) काय करायचे? त्याचे नंतर विस्तारलेले रूप तर माहेरी आणि सासरी दोन्हीकडे म्हटले जाते. तेव्हा ताई, कोणत्या शतकातली शिकवण हा वाद बाजूला ठेवून, नंतरची मांडणी बांधील ठरवण्याचा अधिकार परिषदेला आहे की नाही, हे दोघांना विचारावे. खरा मतभेद तिथे आहे.