मुलीला 'प्रिन्सेसचा बड्डे' हवाय, बजेट 8,000, बाप गोंधळलेला

मोटरवाला_बाबा (पुणे, सिंहगड रस्ता)

नमस्कार मंडळी. आजवर मी इथे मिक्सरच्या जळक्या मोटरी आणि सोसायटीचे पाण्याचे पंप यांच्याच धाग्यांवर उत्तरं देत आलो. आज प्रश्न माझा आहे, आणि वाइंडिंगचा नाही.

26 तारखेला, रविवारी, आमची चिमी पाच वर्षांची होते. तिला 'प्रिन्सेसचा बड्डे' पाहिजे. म्हणजे नक्की काय गं, असं विचारलं तर म्हणाली, "सगळं प्रिन्सेस." वर्गातल्या एका मैत्रिणीचा तसा झाला म्हणे. तिथे फुग्यांची गुलाबी कमान होती, सिंहासन होतं आणि निळा झगा घालून लांब वेणीची एक ताई आली होती, ती बोटातून बर्फ सोडत होती. तेव्हापासून आमची पोर सोसायटीचा जिना उतरताना दोन बोटांनी झगा उचलून उतरते. झगा नसला तर चड्डी उचलते.

बायको एसटीत कंडक्टर. उन्हाळी गर्दीमुळे त्या रविवारी सुट्टी नाही, चारला ड्यूटी सुटेल. त्यामुळे सगळं माझ्या गळ्यात. एका इव्हेंटवाल्याला फोन केला, त्याने 35,000 सांगितले. मी म्हटलं, अहो एवढ्यात दोन नवे पंप येतात. माझ्याकडे खाण्यापिण्यासकट 8,000 आहेत. सोसायटीचा हॉल 500 रुपयांत मिळतोय.

वर्गातली 22 आणि सोसायटीतली 8 मुलं बोलवायची का? झगा विकत घेऊ की भाड्याने? किती वेळ ठेवायचं? आणि मुलगे आले तर त्यांनी काय व्हायचं? हे कोणी विचारतच नाही.

बोहरी_आळीची_जुनी_गिऱ्हाईक

दोन मुलींचे मिळून अकरा वाढदिवस केलेत, त्यामुळे हक्काने सांगते. 30 मुलं बोलवू नका. पाच वर्षांची 30 मुलं एका हॉलमध्ये म्हणजे पार्टी नव्हे, स्वारगेटचा एसटी स्टँड. 12 ते 15 पुरे. वर्गात नुसती चॉकलेटं वाटा.

वेळ दोन तास. 5 ते 7. कार्डावर 'ते 7' हे लिहाच, नाहीतर लोक साडेसहाला येतात. एप्रिलमध्ये पाचलाही हॉल तापलेला असतो, टेबलफॅन लागेल, तो तुमच्याकडे असेलच म्हणा.

सामान रविवार पेठेत बोहरी आळीतून घ्या, पण शनिवारी-रविवारी जाऊ नका आणि गाडी आत घालू नका. यादी हातात ठेवा. तिथे गेलं की माणूस 100 फुगे आणायला जातो आणि कागदी कंदील घेऊन परततो, स्वानुभव. साधे फुगे 100 आणि हातपंप. फुगे आदल्या रात्री फुगवून ठेवू नका, गरमीत सकाळपर्यंत त्यांची चमक जाते आणि थोडे सुरकुततातही. कमान जमली नाही तर भिंतीच्या कोपऱ्यात घोस लावा, फोटोत सारखंच दिसतं.

मुकुट विकत आणू नका, मुलांकडून करून घ्या. हाच पहिला अर्धा तासाचा खेळ. मोठा कार्डशीट 22 × 28 इंचांचा येतो. रुंदीला 22 इंच म्हणजे 56 सेंटिमीटर. या वयाच्या मुलांच्या डोक्याचा घेर साधारण 50-52, म्हणजे चिकटवायला जागा उरते. 10 सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढल्या तर एका शीटमध्ये 7 मुकुट. 14 मुलांना दोन शीट, तिसरा फाडाफाडीसाठी. वरची टोकं तुम्ही आधी कापून ठेवा, मुलांनी फक्त टिकल्या आणि चमकी चिकटवायची. बंद करायला स्टेपलर नको, पिनेचं टोक कपाळाला लागतं. सेलोटेप.

रत्नागिरीची_आजी

अहो बाबा, एवढं सामान विकत कशाला? गौरी-गणपतीचा खोका माळ्यावरून खाली काढा. मोत्यांच्या माळा, झालर, लाइटच्या माळा, मखराचा पडदा, सगळं तिथे असतं. आणि जरीची जुनी साडी असेल ती भिंतीवर सोडा. सुनबाईंना विचारून हो. नातीच्या वाढदिवसाला मी माझ्या लग्नातला शालू लावला होता, त्याच्यापुढे ती गुलाबी प्लास्टिकची पट्टी फिकी पडली. सिंहासन म्हणजे घरातली हाताची खुर्ची, वर लाल चादर, मागे दोन तक्के.

गुलाबी खाणं पाहिजे ना? सोलकढी करा. मिरची-लसूण न घालता, आमसुलांचा कोळ आणि नारळाचं दूध, चिमूट साखर. रंग इतका सुरेख येतो की बाटलीतलं सरबत कशाला हवं! पण नारळाचं दूध त्या उन्हात टिकत नाही, ऐनवेळी एकत्र करा आणि गार ठेवा. पुऱ्यांच्या कणकेत उकडलेल्या बिटाचा कीस मळा. सोबत बटाट्याची सुकी भाजी. मुलं खातात आणि आयाही खातात, आया उपाशी राहिल्या की लवकर घरी जात नाहीत.

आधी औक्षण, मग केक. नवा झगा घालून पाटावर बसू दे की.

सडेतोड_सदाशिव

आमच्या लहानपणी आई ओवाळायची, शेवयांची खीर, संध्याकाळी शेजारची चार पोरं आणि चिवडा. कुठली प्रिन्सेस आणि कुठला बर्फ. हे परक्यांचं खूळ आपण डोक्यावर घेतलंय. राजकन्याच हवी तर सिंदखेडराजाच्या जाधवांची लेक सांगा तिला.

मोटरवाला_बाबा

सदाशिवराव, सांगितली. जिजाऊंची गोष्ट तिला येते, शाळेत 12 जानेवारीला नऊवारी नेसून गेली होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "मग जिजाऊ पण प्रिन्सेसच होत्या, मग मी झगा का नको?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

बाकीच्यांचे आभार. मुलं 14 ठरली, नऊ मुली, पाच मुलगे. कार्डशीटचं गणित मी रात्री कागदावर करून पाहिलं, बरोबर आहे. जादूच्या कांड्या माझ्या मी करतोय. दुकानात 18 गेजच्या तांब्याच्या तारेचे तुकडे पडलेले असतात, लाकडी काडीवर तारेची चांदणी. टोकं आत वळवून वर टेपचे दोन वेढे घातलेत, कोणाच्या डोळ्यात जायला नको. खजिना म्हणून हॉलमध्ये लपवायला खोटी नाणी घेतली. झगा विकत घेतला, 900 रुपये, निळाच. जाळीचे चार थर आहेत. भाड्याचा धुतलेला असेल याची खात्री वाटेना. केक दोन किलोचा, बाहुली मधोमध उभी आणि केक म्हणजे तिचा घेर. बर्फाचं काम स्नो स्प्रेने भागवावं असा विचार आहे, दोन डबे आणलेत. गॅसचे फुगे पण सांगू का, उंच जाणारे?

रात्रपाळी

मी इथे सहसा लिहीत नाही. सरकारी रुग्णालयात जळीत विभागात परिचारिका आहे. दादा, तुमची शेवटची चार वाक्यं वाचून राहवलं नाही.

स्नो स्प्रेचे डबे परत करा. त्यातला फेस बाहेर ढकलायला जो वायू भरलेला असतो तो बहुतेक वेळा ब्युटेन किंवा प्रोपेन, म्हणजे आपल्या सिलिंडरातल्या गॅसचाच भाऊ. डब्यावर ज्योतीचं चित्र असतं, कोणी बघत नाही. केकवर मेणबत्ती पेटलेली आणि चारही बाजूंनी काका-मामा फेस उडवताहेत, त्या एका क्षणात भडका होतो. आणि मधोमध कोण असतं? जिचा वाढदिवस आहे ती, जाळीच्या झग्यात. जाळी नायलॉनची असते. ती नुसती जळत नाही, वितळते आणि कातडीला चिकटते.

झगा घालू द्या. आत सुती पेटीकोट आणि सुती चड्डी घाला, टोचणारही नाही. केस मागे घट्ट बांधा. निरांजन आणि मेणबत्ती या दोन्ही वेळी एक मोठं माणूस तिच्या शेजारी उभं राहील, फोटो काढणारं नव्हे, नुसतं उभं. घेर आणि बाह्या हाताने मागे धरायच्या. मेणबत्ती एकच, तीही केकच्या पलीकडच्या कडेला. हॉलमध्ये पाण्याची बादली ठेवा.

गॅसचे फुगे नको. फुगेवाल्यांकडे बरेचदा हायड्रोजन असतो, तो पेट घेतो. हेलियम पेटत नाही, पण सिलिंडरात काय आहे हे आपल्याला नुसतं बघून कळत नाही. साधे फुगे फुटले की तुकडे लगेच उचला, लहान मूल तोंडात घालतं आणि तो पातळ तुकडा श्वासनलिकेवर बसला तर काढणं कठीण. पाहुण्यांत तीन वर्षांखालचं भावंड येणारच. त्याच कारणाने शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न ताटात नको. केकवर चांदीचे कडक मणी घालू नका असं केकवाल्याला सांगा.

आणि देव न करो, काही झालंच तर कपडे पेटलेलं मूल पळतं, त्याला आडवं पाडून लोळवा. मग नळाचं साधं पाणी 20 मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. आमच्याकडे आजही पेस्ट लावून आणतात.

घाबरवायला लिहिलं नाही.

मोटरवाला_बाबा

ताई, डबे दुकानात परत दिले. त्याने पैसे दिले नाहीत, दोन रंगीत दिव्यांच्या माळा दिल्या, चालेल. मी रोज वार्निश आणि गरम सोल्डरिंग आयर्न यांच्यात काम करतो, जाळ कसा धरतो ते मला माहीत असायला हवं होतं. मुलीच्या झग्याशी ते जोडलंच नाही डोक्यात.

आता बर्फाचं काय? कापूस?

रात्रपाळी

कापूसही पेटतो. कागदाचे कपटे, मेणबत्ती विझल्यानंतर.

बोहरी_आळीची_जुनी_गिऱ्हाईक

आणि झाडू तुम्हीच मारायचा. बरं, वहिनी कंडक्टर आहेत ना? मग निळ्या झग्यातली ताई भाड्याने आणण्यापेक्षा राजवाड्यात शिरायची तिकिटं काढा की! दारात वहिनी उभ्या. मुलग्यांचा प्रश्नही सुटेल, त्यांना तिकीट दाखवून आत यायला राजकुमार व्हावं लागणार नाही.

मोटरवाला_बाबा

हे भारी आहे. सासरेही एसटीत कंडक्टर होते. त्यांचा जुना तिकिटाचा चिमटा आमच्या कपाटात आहे, हल्ली सगळीकडे मशीन. थोडं तेल घातलं, चालतोय.

मोटरवाला_बाबा (27 एप्रिल)

मंडळी, काल झाला. दुपारी झोप नाही, आत्ता दुकानात बसून लिहितोय.

खर्च 7,640. केक 1,800, झगा 900, हॉल 500, बोहरी आळी 1,150, खाणं साधारण 2,100, बाकी रिटर्न गिफ्ट. तुळशीबागेतून छोटी भातुकलीची भांडी घेतली, मुलग्यांनाही तीच. एका आईने विचारलं, "मुलाला भांडी?" तिचा मुलगा तोवर कढईत टिकल्या परतत होता.

मुकुट जमले. 14 मुलं आणि एक बापही बसला चिकटवायला. मुलग्यांपैकी एक राजा झाला, दोघे पहारेकरी, एक घोडा झाला आणि शेवटपर्यंत घोडाच राहिला, बिटाची पुरीही त्याने चार पायांवर खाल्ली. पाचव्याने मुकुट घातला नाही, चिमीच्या बाबांसारखा मोटरवाला होतो म्हणाला आणि माझा टेस्टर मागत राहिला. दिला नाही, कांडी दिली.

सोलकढीच्या बाबतीत आजी, माफ करा. रंग सगळ्यांना आवडला, चव तिघांना. उरलेली आयांनी संपवली. पुऱ्या मात्र पुरल्या नाहीत.

केकची बाहुली तासाभरात कलली. उकाड्यात क्रीम सैल झालं आणि बाई कमरेत तिरक्या झाल्या. चिमी म्हणाली, "तिला झोप आलीय," आणि तिला आडवी करून टाकली. औक्षणाला झग्याचा घेर सासूबाईंनी मागून धरला होता, मेणबत्तीला मी. फोटो शेजारच्या काकांनी काढले, त्यात सगळ्यांत माझा हात आलाय.

बायको यायला सव्वापाच झाले. गाडीला वाटेत गर्दी होती. घरी जाऊन साडी नेसून येणार होती, पण मुलं दारात तिकिटं घेऊन रांगेत उभी, म्हणून खाकीतच आली. चिमटा हातात घेतला आणि खास आवाजात ओरडली, "चला, राजवाडा, राजवाडा! पुढे सरका, मागे जागा आहे!" टिक टिक करत एकेकाचं तिकीट. मुलं आत जायची, मागच्या दाराने बाहेर यायची आणि पुन्हा रांगेत. सुट्टे नाहीत म्हणून एकाला तिने खरोखर उतरवलं. खजिन्याचा शोध राहिलाच, खोटी नाणी सगळी तिकिटाला गेली.

चिमीने झगा वीस मिनिटांत काढला. सुती पेटीकोट होता तरी गळ्याला टोचत होता. नंतर पेटीकोटावर मुकुट, आणि आईची चामड्याची पिशवी खांद्यावरून गुडघ्यापर्यंत लोंबतेय, अशी दारात उभी राहिली. सदाशिवराव, फोटो तुम्हाला खाजगीत पाठवतो.

झगा एकदाच वापरलेला आहे, 28 नंबर, निळा. कोणाला हवा असेल तर घेऊन जा.

सडेतोड_सदाशिव

फोटो पाहिला. नातीला 28 नंबर होईल का?