कुलकर्णी परिवार ग्रुप, 15 ऑक्टोबर 2021

अनघा (सॅन होजे): बॅट फिरलीच नव्हती!! बेसबॉलच्या सीझनमध्ये 107 सामने जिंकलेल्या आमच्या जायंट्सना असं घरी पाठवतात?

माई आत्या: 🌿 सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. दसऱ्याच्या सर्वांना शुभेच्छा.

नंदूकाका: काय झालं अनघा? सगळे बरे आहात ना?

अमेय (लॉस एंजेलिस): काही नाही काका. डॉजर्स जिंकले, जायंट्स हरले. 2-1 😊

अनघा: नववी इनिंग, दोन आउट, आमचा ब्रायंट पहिल्या बेसवर, बॅटिंगला फ्लोरेस, त्याच्यावर दोन स्ट्राइक, तिसरा म्हणजे आउट. डॉजर्सच्या शर्झरने टाकलेला स्लायडर (वळणारा चेंडू) पार बाहेर, बॅट फिरली नाही तर स्ट्राइक नाहीच. फ्लोरेसने बॅट अर्ध्यात आवरली. पहिल्या बेसच्या अंपायरला विचारलं, तर त्याने सरळ स्ट्राइक दिला. मॅच संपली, सीझन संपला.

नंदूकाका: मग रिव्ह्यू घ्यायचा.

अनघा: अशी बॅट अर्ध्यात आवरली, म्हणजे चेक स्विंग, तर त्याला रिव्ह्यू नसतो काका. बॅट किती पुढे गेली की स्विंग धरायचा, हेच नियमात कुठे लिहिलेलं नाही. सगळं अंपायरच्या नजरेवर.

अमेय: ताई, तो अंपायर गेब मोरालेस नव्वद फुटांहून लांब उभा होता. त्याला तुझ्यासारखं स्लो मोशन दिसत नाही.

अनघा: तेच तर म्हणतेय. त्याला दिसत नाही, मग ज्यांना दिसतं त्यांना विचारा ना.

सुहासदादा: सिडनी 2008 आठवा. सायमंड्स 30 वर होता, कड लागलेली घरी बसून आपल्याला ऐकू आली. अंपायर बकनरने आउट दिला नाही. 162 नाबाद! त्याच वर्षी श्रीलंकेत रिव्ह्यू आला आणि आपलंच बोर्ड पुढे कित्येक वर्षं नको म्हणत बसलं.

शुभावहिनी: आज रात्री चेन्नई-कोलकाता फायनल आहे, त्याचं बोला. धोनी 💛

नंदूकाका: पण रिव्ह्यू का नाही घेतला?

माई आत्या: श्रीखंड कोणाकडे पाठवायचं आहे? मी केव्हाची विचारतेय.

अमेय: नवव्या इनिंगला आमच्या बेलिंजरने हिट मारली, रन आली. ती अंपायरने दिली का? आणि शर्झरने शेवटी येऊन आघाडी राखली, करिअरमधला पहिला सेव्ह केला, त्याचं कौतुक कोणीच करत नाही.

अनघा: बेलिंजरची हिट चोख होती, मी कुठे नाही म्हटलं? निर्णय तुमच्या बाजूने लागला की नियम चांगला. वाईच्या घराच्या वेळीही हेच ऐकलं होतं.

अमेय: तो विषय इथे का काढतेस?

सुहासदादा: सण आहे. दोघांनी जरा सबुरीने घ्या.

माई आत्या: 🌿 सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.

नंदूकाका: क्रिकेटमध्ये रिव्ह्यू आहे, तिकडे पण ठेवायला हवा.

अमेय: बेसवर सेफ की आउट, होम रन की फाउल, याला आहे काका. चेक स्विंगला नाही. बरं, निर्णय चुकला हे मलाही दिसलं. पण स्ट्राइकऐवजी 'बॉल' (वाइडसारखा) दिला असता तरी काय? दोन स्ट्राइक होतेच, आणि शर्झरविरुद्ध फ्लोरेसच्या 17 पाळ्यांत शून्य हिट आहेत.

अनघा: असू दे शून्य. आमच्या लोगन वेबने सात इनिंग टाकून एकच रन दिली, आमच्याच रफने होम रन मारून बरोबरी केली. सीझन आणि प्लेऑफ धरून या मॅचआधी दोन्ही टीमचे 109-109 विजय, इतकं सगळं तोलून आलेलं. त्याला पाळी पूर्ण खेळू द्या, शर्झरने दांडी उडवल्यासारखा काढू दे, मी टाळ्या वाजवीन.